वस्तुमान आणि वजन: किलोग्रॅम कुठे लिहायचा, न्यूटन कुठे

गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावरचे पेपर तपासताना एक चूक मला वर्षानुवर्षं दिसते आहे. "पृथ्वीवर एका माणसाचं वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे, तर चंद्रावर त्याचं वस्तुमान किती?" असं विचारलं, की चांगली अभ्यासू मुलंसुद्धा १० किलोग्रॅम लिहून मोकळी होतात. उत्तर ६० किलोग्रॅमच आहे. त्याच मुलांना वस्तुमान आणि वजन यांच्या व्याख्या विचारा, दोन्ही तोंडपाठ असतात. म्हणजे घोडं व्याख्येपाशी अडलेलं नसून क्रमापाशी अडलेलं असतं. मुलं आधी आकडा उचलतात, "चंद्र" दिसला की सहानं भागतात, आणि तो आकडा मुळात कशाचा होता हे बघायचं राहूनच जातं.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. पहिले सहा टप्पे गणितासाठी आणि पुढचे तीन हातानं करून बघण्यासाठी आहेत. वेळ कमी असेल तर गणितं थोडी कमी सोडवा, पण सातवा टप्पा सोडू नका. वस्तुमान म्हणजे काय हे तिथे हाताला कळतं.

## तयारी

वही आणि साधा कॅल्क्युलेटर. रद्दीवाले वापरतात तसा हुकाचा स्प्रिंगचा काटा, शक्यतो दहा-पंधरा किलोपर्यंतचा आणि काट्याचा, म्हणजे डिजिटल नसलेला. एक हॅक्सॉ ब्लेड (लोखंड कापायच्या करवतीचं पातं), ते टेबलाला घट्ट आवळायला क्लॅम्प, आणि लाकडाच्या दोन छोट्या चिपा. दहा रुपयांची एकसारखी आठ नाणी (प्रत्येक साधारण ७.७ ग्रॅमचं असतं). चिकटपट्टी, मोबाइल, आणि पाण्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली.

वहीच्या पहिल्या पानावर गुरुत्व त्वरणाचे, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या वस्तूचा वेग ग्रहाच्या ओढीनं दर सेकंदाला किती वाढतो त्याचे, हे आकडे लिहून ठेवा. एकक सगळीकडे मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे मी/से².

- पृथ्वी: ९.८
- चंद्र: १.६२
- मंगळ: ३.७
- गुरू: २४.८
- शनी: १०.४

गुरू आणि शनी यांना पाय ठेवायला टणक जमीन नाही. त्यांचे आकडे ढगांच्या वरच्या थरांजवळचे आहेत. "गुरूच्या पृष्ठभागावर" असं गणितात येतं तेव्हा ती सोयीची भाषा आहे हे लक्षात असू द्या.

सावधान: प्रश्नात गुरुत्व त्वरणाची किंमत दिली असेल तर तीच घ्यायची. प्रश्नात १० दिलं असताना पाठ आहे म्हणून ९.८ वापरलं, की उत्तर जुळत नाही आणि मुलं बरोबर रीत खोडून चुकीची लिहितात.

## टप्पा १: आकडा कोणत्या उपकरणानं दिला ते विचारा

"वजन" हा शब्द मराठीत तीन कामं करतो. वाणी पारड्यात टाकतो ती लोखंडी वजनं. डॉक्टर "वजन वाढलंय" म्हणतात तेव्हा त्यांना शरीरात किती ऐवज वाढला हे सांगायचं असतं, म्हणजे वस्तुमान. आणि भौतिकशास्त्रात वजन म्हणजे ग्रह वस्तूला ज्या बलानं स्वतःकडे ओढतो ते बल, आणि बल न्यूटनमध्ये मोजतात. बाजारात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळले तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण घेणारा आणि देणारा दोघंही एकाच ग्रहावर, एकाच गल्लीत उभे असतात. गणितात मात्र ग्रह बदलतो आणि शब्द फसवतो. तेव्हा शब्दावर विसंबू नका. आकडा कुठल्या उपकरणातून आला असेल ते बघा.

तोलायची उपकरणं दोन घराण्यांची असतात.

पहिलं घराणं तुलना करणाऱ्यांचं. दोन पारड्यांचा तराजू, जुनी तागडी. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात एक किलोचं लोखंडी वजन. दांडी आडवी झाली की सौदा झाला. हा तराजू चंद्रावर नेलात तर साखरेवरची ओढ सहाव्या हिश्शाला येईल, पण समोरच्या लोखंडावरचीही तेवढीच कमी होईल. दांडी आडवीच राहील. म्हणून तागडी वस्तुमान सांगते, आणि चंद्रावरही तेच सांगेल.

दुसरं घराणं दबणाऱ्या आणि ताणल्या जाणाऱ्यांचं. रद्दीवाल्याचा हुकाचा काटा, न्हाणीघराजवळ पडलेला वजनकाटा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, सोनाराचा इलेक्ट्रॉनिक काटा, सगळे याच घराण्यातले. स्प्रिंगच्या काट्यात स्प्रिंग ताणली जाते. डिजिटल काट्यात आत धातूची पट्टी असते, ती केसभर वाकते आणि त्या वाकण्याचा विजेच्या संकेतात आकडा होतो. दोन्हीकडे मोजलं जातं ते बलच. कारखान्यात मात्र पृथ्वीवरचं गुरुत्व त्वरण गृहीत धरून पट्टीवर किंवा पडद्यावर किलोग्रॅम उमटवलेले असतात. सारा घोळ इथे जन्माला येतो. मोजलं बल, छापलं वस्तुमान.

चांद्रयान-३ सोबत गेलेली प्रज्ञान बग्गी घ्या. तिचं वस्तुमान २६ किलोग्रॅम. २३ ऑगस्ट २०२३ ला तिला घेऊन विक्रम लँडर चंद्रावर उतरला आणि मग ही बग्गी उताराच्या फळीवरून खाली आली. श्रीहरिकोटाला ती २६ किलोग्रॅमची होती, चंद्राच्या मातीवरही २६ किलोग्रॅमचीच. पृथ्वीवर तिचं वजन २६ × ९.८ = २५४.८ न्यूटन, चंद्रावर २६ × १.६२ = ४२.१ न्यूटन. आता कल्पना करा की आपल्याकडचा हुकाचा काटा तिथे नेला आणि बग्गी त्याला टांगली. काटा दाखवेल ४.३ किलो. हा ४.३ बग्गीचं वस्तुमान नाही, आणि न्यूटनमध्ये नसल्यामुळे वजनही नाही. पृथ्वीवर छापलेली पट्टी चंद्रावर वाचल्यामुळे मिळालेला तो आकडा आहे.

हा ४.३ कुठून आला हे ज्याला नीट सांगता आलं, त्याचा पाया पक्का झाला असं मी धरतो. (४२.१ भागिले ९.८.)

पडताळा: पुढे जाण्याआधी स्वतःला विचारा. मंगळावर तागडीनं तोललेली एक किलो डाळ आणि मंगळावर पृथ्वीच्याच हुकाच्या काट्यानं तोललेली एक किलो डाळ, यांत जास्त डाळ कुणाला मिळाली? उत्तर: हुकाच्या काट्याच्या गिऱ्हाइकाला, जवळजवळ २.६५ पट. उत्तर उलटं आलं असेल तर हा टप्पा पुन्हा वाचा.

## टप्पा २: प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहा

प्रश्न वाचला की लगेच सूत्र लिहू नका. वहीत डावीकडे "दिलेलं" आणि उजवीकडे "काढायचं" असे दोन रकाने करा, आणि प्रत्येक आकड्यापुढे वस्तुमान, वजन, गुरुत्व त्वरण यांपैकी एक नाव लिहा. एकक बघून नाव द्या: किलोग्रॅम दिसला तर वस्तुमान, न्यूटन दिसला तर वजन, मी/से² दिसलं तर गुरुत्व त्वरण.

"एका माणसाचं पृथ्वीवरचं वजन ५८८ न्यूटन आहे. चंद्रावर त्याचं वस्तुमान आणि वजन काढा." इथे दिलेला आकडा वजनाचा आहे. त्यातून आधी वस्तुमान काढायचं: ५८८ ÷ ९.८ = ६० किलोग्रॅम. हेच चंद्रावरचं वस्तुमान, ते पुन्हा काढायला लागत नाही. मग चंद्रावरचं वजन: ६० × १.६२ = ९७.२ न्यूटन.

नेहमीच्या चुका: एक म्हणजे ५८८ ला पुन्हा ९.८ नं गुणणं. "वजन काढायचं म्हणजे गुणायचं" एवढंच डोक्यात बसलेलं असतं. दुसरी म्हणजे ५८८ ला सहानं भागून "९८ किलोग्रॅम" लिहिणं. त्यात आकडा जवळपास बरोबर येतो, एकक चुकतं, आणि गुण एककावर जातात.

प्रश्नात "६० किलो वजनाचा माणूस" असं बोलीभाषेत आलं तर? तिथे एकक किलो आहे, म्हणून ते वस्तुमान समजा आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत "वस्तुमान = ६० किलोग्रॅम" असं स्पष्ट लिहून टाका. तपासणाऱ्यालाही कळतं की तुम्हाला फरक ठाऊक आहे.

## टप्पा ३: ग्रॅमचे किलोग्रॅम आधी करा

छोटा टप्पा, पण इथे फार गुण जातात. ५०० ग्रॅमच्या पिशवीचं वजन ५०० × ९.८ = ४९०० न्यूटन येत नाही, ०.५ × ९.८ = ४.९ न्यूटन येतं. रूपांतर सूत्रात घालण्यापूर्वी करा. मध्येच करायला गेलं की विसरतं.

अंदाजासाठी एक खूण ठेवा: तळहातावर मध्यम आकाराचं सफरचंद ठेवलं की जी ओढ जाणवते ती साधारण एक ते दीड न्यूटन. अर्धा किलोच्या पिशवीला ४९०० न्यूटन आलं, तर ते अर्धा टन सामानाचं वजन झालं हे चटकन ध्यानात येईल.

## टप्पा ४: त्या जागेचं गुरुत्व त्वरण ठरवा

इथे तीन वाटा आहेत. प्रश्न कोणत्या वाटेनं जातो ते ओळखायचं.

वाट पहिली: किंमत दिलेली आहे. तशीच घ्या.

वाट दुसरी: ग्रहाचं वस्तुमान आणि त्रिज्या पृथ्वीच्या पटीत दिल्या आहेत. नियम असा: वस्तुमानाच्या पटीला त्रिज्येच्या पटीच्या वर्गानं भागा. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या ०.१०७ पट आणि त्रिज्या ०.५३२ पट. ०.५३२ चा वर्ग ०.२८३. मग ०.१०७ ÷ ०.२८३ = ०.३७८. याला ९.८ नं गुणलं की ३.७ मी/से².

या वाटेवर मुलं वर्ग करायला विसरतात. त्याहून खोल चूक अशी, की "ग्रह जितका भारी तितकी ओढ जास्त" एवढंच धरून त्रिज्येकडे बघतच नाहीत. त्यावर शनीचं उदाहरण मी मुद्दाम सोडवायला देतो. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट. मुलांना वाटतं तिथे माणूस चिरडूनच जाईल. पण शनीची विषुववृत्तीय त्रिज्या पृथ्वीच्या ९.४५ पट आहे, आणि तिचा वर्ग होतो ८९.३. म्हणजे ९५ ÷ ८९.३ = १.०६. एवढा अवाढव्य ग्रह, आणि ओढ आपल्यापेक्षा जेमतेम सहा टक्क्यांनी जास्त! हे गणित स्वतः केलेला मुलगा पुढे त्रिज्येचा वर्ग विसरत नाही.

चंद्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकांत चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या १/८१ आणि त्रिज्या १/३.७ देतात. त्यावरून पट येते १३.६९ ÷ ८१ = ०.१६९. तर १.६२ ÷ ९.८ = ०.१६५, आणि १/६ म्हणजे ०.१६७. तिन्ही आकडे किंचित वेगळे आहेत, कारण ते वेगवेगळ्या ठिकाणी जवळच्या सोप्या आकड्यात बसवलेले आहेत. प्रश्नात जे दिलंय त्यावरून आलेलं उत्तर लिहा, आणि शेजारच्याचं १/६ नं आलेलं उत्तर बघून स्वतःचं खोडू नका.

वाट तिसरी: पृष्ठभागापासूनची उंची दिली आहे. त्रिज्येत उंची मिळवायची, अंतर ग्रहाच्या केंद्रापासून धरायचं. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर धरली, तर ४०० किलोमीटर उंचीवर: ६४०० ÷ ६८०० = ०.९४१, त्याचा वर्ग ०.८८६, गुणिले ९.८ म्हणजे ८.७ मी/से². आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण याच उंचीवर फिरतं. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्यापेक्षा फक्त अकरा-बारा टक्क्यांनी कमी असते. हा आकडा जपून ठेवा, आठव्या टप्प्यात लागणार आहे.

सावधान: वैश्विक गुरुत्वाकर्षण स्थिरांक (कुठल्याही दोन वस्तूंमधल्या ओढीच्या सूत्रातला ठरलेला आकडा) आणि गुरुत्व त्वरण ही वेगळी माणसं आहेत, आडनाव एक असलं तरी. पहिला सगळ्या विश्वात तोच. दुसरं जागेगणिक बदलतं. पुस्तकात पहिल्याला मोठं अक्षर (G) आणि दुसऱ्याला छोटं अक्षर (g) आहे, तेव्हा हस्ताक्षरात दोघांचा आकार ठळकपणे वेगळा काढा.

## टप्पा ५: आता गुणा किंवा भागा

वजन = वस्तुमान × गुरुत्व त्वरण. यापलीकडे काही नाही. फक्त एवढं बघा, की वजन ज्या जागेचं आहे, त्वरणही त्याच जागेचं घेतलंय ना.

उलटं गणित एक तरी सोडवा, कारण पहिल्या टप्प्यातला विचार त्यात कसाला लागतो. मंगळावर एक पिशवी पृथ्वीवरून नेलेल्या स्प्रिंगच्या काट्याला टांगली. काटा १२ किलो दाखवतो. पिशवीचं वस्तुमान किती? काट्यावर छापलेल्या १२ किलोचा अर्थ पृथ्वीवर १२ किलोच्या वस्तूनं ताणली असती तेवढी स्प्रिंग ताणली, म्हणजे १२ × ९.८ = ११७.६ न्यूटन. मंगळावर एवढी ओढ असलेल्या वस्तूचं वस्तुमान ११७.६ ÷ ३.७ = ३१.८ किलोग्रॅम.

## टप्पा ६: उत्तर लिहिण्याआधी तीन खुणा बघा

जागा बदलल्यावर वस्तुमान बदललं का? बदललं असेल तर पुन्हा टप्पा २.

एकक लिहिलंय का, आणि वजनापुढे न्यूटनच आहे ना?

आकडा योग्य दिशेनं गेला का? चंद्रावर आणि मंगळावर वजन पृथ्वीपेक्षा कमी, गुरूवर जास्त, शनीवर जरासंच जास्त.

## टप्पा ७: हातानं करून बघा

लिफ्टमधला काटा. हुकाच्या काट्याला दहा किलो तांदळाची पिशवी टांगा आणि लिफ्टमध्ये उभे राहा. लिफ्ट वर जायला लागते त्या पहिल्या क्षणी काटा दहाच्या पुढे सरकतो, वेग एकसारखा झाला की दहावर येतो, आणि वरच्या मजल्यावर थांबताना दहाच्या खाली उतरतो. लिफ्टचं त्वरण १ मी/से² असेल तर काटा १० × १०.८ ÷ ९.८, म्हणजे साधारण ११ किलो दाखवेल. तांदूळ तेवढेच आहेत, एक दाणाही वाढला नाही. पृथ्वीची ओढही तीच आहे. काट्याला जाणवणारं बल तेवढं बदललं. या जाणवणाऱ्या बलाला भासमान वजन म्हणतात.

डिजिटल काटा इथे का नको? घरगुती डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की तो धरून ठेवतात, आणि लिफ्टचा धक्का तर दोन सेकंदांत ओसरतो. आकडा बदलत नाही आणि मुलं "प्रयोग खोटा आहे" म्हणतात.

सावधान: पिशवी काट्यासकट पायावर पडू शकते. काटा मोठ्या माणसानं धरावा, आणि लिफ्ट गर्दीच्या वेळी अडवू नये.

ब्लेडचा झोका. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात मोलाचा प्रयोग आहे. वस्तुमान म्हणजे हलवताना होणारा विरोध, हे इथे ओढीची मदत न घेता दिसतं.

आधी ब्लेडच्या दातांवर चिकटपट्टीचे दोन पदर चढवा. मग ब्लेड लाकडाच्या दोन चिपांमध्ये धरून टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं आवळा. ब्लेडची रुंदी उभी राहिली पाहिजे, म्हणजे मोकळं टोक वर-खाली न हलता डावी-उजवीकडे झुलेल. टेबलाबाहेर साधारण २५ सेंटिमीटर ब्लेड राहू द्या. टोकाला दहाची चार नाणी चिकटवा, ब्लेडच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. टोक जरासं बाजूला ओढून सोडा, वीस झोके मोजा आणि वेळ घ्या. डोळ्यांना मोजता येत नसतील तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून मोजा. आता आठ नाणी लावून पुन्हा तेच करा.

आठ नाण्यांना वेळ जास्त लागेल. दुप्पट लागणार नाही, कारण वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, शिवाय ब्लेडचं स्वतःचं वस्तुमानही त्यात मिसळलेलं असतं.

पडताळा: ब्लेड आडवं झुलताना पृथ्वीची ओढ झोक्याच्या दिशेला काटकोनात असते, म्हणून वेळेत तिचा वाटा जवळपास नसतो. चंद्रावर हाच प्रयोग केला तरी वीस झोक्यांना तेवढाच वेळ लागेल.

नेहमीची चूक: ब्लेड आडवं, पट्टीसारखं आवळणं. मग ते नाण्यांच्या भारानं खाली वाकतं, वर-खाली हेलकावतं, आणि ज्या ओढीला आपण बाजूला ठेवायला निघालो तीच डोळ्यांसमोर नाचू लागते. दुसरी चूक म्हणजे ढिला क्लॅम्प. दोनदा घेतलेली वेळ जुळली नाही तर आधी क्लॅम्प तपासा.

हीच युक्ती १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकावर वापरली गेली. अंतराळवीर स्प्रिंगला जोडलेल्या आसनात स्वतःला बांधून घ्यायचे, आसन मागे-पुढे झुलायचं, आणि झोक्याच्या वेळेवरून त्यांचं वस्तुमान निघायचं. दीर्घ मुक्कामात शरीर किती झिजतंय हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. उभं राहायच्या काट्यावर तिथे शून्य दिसतं, आणि तागडीची दांडी तर कुठल्याही कोनात तरंगत राहते, कारण पारडं खाली दाबणारं काही उरत नाही. तुलना करणाऱ्या घराण्यालाही निदान थोडी ओढ जाणवावी लागते, ही पहिल्या टप्प्यातल्या गोष्टीची दुसरी बाजू.

## टप्पा ८: "अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं" हे वाक्य खोडा

चौथ्या टप्प्यातला ८.७ आठवा. स्थानकावर ओढ जवळपास जमिनीइतकीच आहे, मग तिथली माणसं तरंगतात कशी? स्थानक, माणसं, काटा, पाण्याचे थेंब सगळे एकाच त्वरणानं पृथ्वीकडे पडत आहेत. पण आडवा वेग एवढा मोठा आहे, की पडता पडता ते पृथ्वीला वळसा घालतात. काटा आणि माणूस दोघंही बरोबर पडत असतील तर काटा दाबणार कोण?

घरी बघायचं तर बाटलीच्या तळाजवळ बाजूला एक भोक पाडा. बोटानं बंद करून पाणी भरा, झाकण उघडं ठेवा, बोट काढा. धार लागेल. आता खुर्चीवर उभं राहून बाटली बादलीत पडेल अशी सोडून द्या. पडताना धार थांबते. हवेतल्या त्या अर्ध्या सेकंदात पृथ्वीनं ओढायचं थांबवलेलं नाही, उलट तिच्या ओढीमुळेच बाटली पडते आहे. पाणी आणि बाटली बरोबर पडल्यामुळे एकाचा दुसऱ्यावर दाब राहिला नाही, एवढंच. जोडीदाराला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपायला सांगा, नुसत्या नजरेला ते निसटतं.

उत्तरपत्रिकेत लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेवा. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, ती कक्षेत शून्य नसते. भासमान वजन शून्य असतं, आणि त्या अवस्थेला वजनरहित अवस्था म्हणतात.

## टप्पा ९: ग्रह न बदलता जागा बदलताना

यासाठी चंद्रावर जायची गरज नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतं. मुंबईत ते साधारण ९.७८६ आहे, लंडनमध्ये ९.८१२. फरक पाव टक्क्याहून जरासा जास्त.

मुंबईहून महाबळेश्वरला काटा नेला तर एक किलोमागे अर्ध्या ग्रॅमचाही फरक पडत नाही, त्याची चिंता नको. पण मुंबईत जुळवलेला सोन्याचा इलेक्ट्रॉनिक काटा लंडनच्या नातेवाइकांकडे नेलात, तर १०० ग्रॅमचं वळं तिथे १००.२७ ग्रॅम दाखवेल. लंडनचा काटा मुंबईत आणला तर तेवढंच कमी. सोनं तेवढंच आहे आणि कुणी फसवलेलंही नाही. पण हे माहीत नसेल तर घरात विनाकारण शंका शिरते, आणि दागिन्यांवरून आलेली शंका लवकर जात नाही.

असा काटा नव्या गावात पोचला की क्रम असा ठेवा:

1. काटा सपाट जागी ठेवा, चालू करून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या आणि शून्य करून घ्या.
2. प्रमाणित धातूचं वजन (१०० किंवा २०० ग्रॅमचं) ठेवून आकडा बघा. त्याचं वस्तुमान प्रवासात बदललेलं नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.
3. आकडा वेगळा आला तर काट्याच्या पुस्तिकेत दिलेल्या रीतीनं त्याच वजनावर काटा पुन्हा जुळवा.
4. वजन काढून पुन्हा ठेवा. दोन्ही वेळा आकडा तोच आला, की मग दागिना ठेवा.

सावधान: प्रमाणित वजनाऐवजी नाण्यांवर काटा जुळवू नका, वापरून नाणी झिजतात. दुकानातल्या व्यापारी काट्याला तर घरच्या घरी हात लावायचाच नाही. जागा बदलली की तो वैधमापन विभागाकडून (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो.

धातूचं प्रमाणित वजन मिळणं शक्य नसेल तर लहान दोन पारड्यांचा तराजू वापरा आणि दागिना दोन्ही ठिकाणी त्याच वजनांशी तोला. मुंबईत १०० ग्रॅमच्या वजनाला बरोबरीत उतरलेलं वळं लंडनमध्येही त्याच वजनाला बरोबरीत उतरेल.